संध्याकाळपर्यंत बंद

१

प्रफुलच्या दुकानातला ब्राउझर एका रविवारी सकाळी उघडला नाही आणि त्यापायी एका घराचं वाटोळं झालं. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सगळं गोड होईल या आशेवर कुणी ही हकीकत वाचू नये. असल्या आशेचा मला आता संताप येतो.

मी सदाशिवराव. माझी उभी नोकरी एस.टी.त तिकिटं तपासण्यात गेली. भर रस्त्यात गाडी थांबवायची, आत चढायचं आणि कोण उगाच खिडकीबाहेर बघतंय, कोण झोपेचं सोंग घेतंय ते हेरायचं. निवृत्त झाल्यावर आर्वीत घर बांधलं आणि पुढचा गाळा प्रफुलला दिला. झेरॉक्स, टायपिंग आणि कोपऱ्यात पडद्यामागे इंटरनेटचा एक कॉम्प्युटर. साल २००२. आमच्या पेठेत इंटरनेट म्हणजे तेवढा एकच डबा, आणि प्रफुल त्याची अशी निगा राखायचा की घरच्या म्हाताऱ्यांचीही कुणी राखत नाही.

त्या सकाळी त्याची हाक आली. "काकाजी, इकडं या जरा. हे उघडूनच नाई राह्यलं."

मी जाऊन पाहिलं. त्यानं निळ्या चिन्हावर टिचकी मारली. पडद्यावर इंग्रजीतली एक चौकट आली, अमुक फाईल सापडत नाही म्हणाली आणि ओके दाबल्यावर निघून गेली. बाकी सगळं ठणठणीत होतं. टायपिंग उघडत होतं, पत्त्यांचा खेळ उघडत होता. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं यंत्रसुद्धा नेहमीसारखं किंचाळून लागत होतं. ब्राउझर तेवढा उघडत नव्हता.

प्रफुलचं निदान तयार होतं. व्हायरसनं फाईल खाल्ली. तरी तो सकाळभर खटपट करत राहिला. मशीन बंद करायचं, चालू करायचं, पुन्हा इंटरनेट जोडून पाहायचं. मे महिन्याची तलखी, कूलर नुसती गरम हवा फेकत होता आणि दुकानाचा फोन त्या जोडणीत अडकून पडला होता.

एवढी घाई देवकाबाईंसाठी चालली होती. लोखंडी सामानाचे व्यापारी लक्ष्मणराव, त्यांची ही बायको. त्यांचा एकुलता एक मुलगा धर्मेंद्र मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. प्रफुलचा तो शाळेपासूनचा दोस्त. प्रफुलनं देवकाबाईंना एक ई-मेलचा डबा काढून दिला होता. जहाज बंदराला लागलं की धर्मेंद्र तिथल्या सायबर कॅफेतून लिहायचा, प्रफुल किंवा दुकानात टायपिंग करणारी ज्योत्स्ना ते वाचून दाखवायची आणि देवकाबाई सांगतील ते उत्तर पाठवायची. मायलेकांमध्ये तेवढाच धागा होता. धर्मेंद्रचं जहाज शनिवारपासून रॉटरडॅमला उभं होतं आणि रविवारी रात्री सुटणार होतं. त्यानंतर कितीतरी आठवडे नुसतं पाणी.

"काकू, आजचाच दिवस हाय," प्रफुल घाम पुसत म्हणाला.

देवकाबाई बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू दे बापा. एवढा जीव नको काढू. संध्याकाळी पाहू."

मला त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक वाटलं. पण दुपारी प्रफुलनं तारा सोडवल्या, मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं आणि वर्ध्याच्या गाडीनं दुरुस्तीला नेतो म्हणाला, तेव्हा याच बाई उठून त्या गाठोड्याला बिलगल्या.

"नको नेऊ रे," त्या म्हणाल्या. "आजच कळवा लागते त्याले. आजच."

२

प्रफुल बिचारा गोंधळला. त्यानं समजूत घातली. वर्ध्याला दुरुस्त झालं की तिथूनच पाठवतो, काय कळवायचं तेवढं सांगा. देवकाबाईंनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना त्यांच्या बहिणीची मुलगी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. देवकाबाईंनी तोंड उघडलं, दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतलं.

"नाई. आता नाई सांगता येत," एवढंच म्हणाल्या.

मी मध्ये पडलो. वहिनी, प्रफुलची गाडी चुकेल म्हणालो. अजून वाटतं, तेव्हा जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. प्रफुल दुकानाला कुलूप लावून, गाठोडं घेऊन डेपोकडे पळाला.

दुसऱ्या कुठून पाठवायचं म्हटलं तर आर्वीत दुसरीकडे सोय नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. त्या ई-मेलच्या डब्याचा पासवर्ड प्रफुलनं कधीतरी मशीनलाच लक्षात ठेवायला सांगितला होता आणि मग स्वतः विसरला होता. धर्मेंद्रचा पत्ताही तसाच. पहिलं अक्षर दाबलं की पुढचा मशीन भरायचं. आमची सगळ्यांची आठवण त्या गाठोड्यात बांधून वर्ध्याला गेली होती.

मी जरा वेळानं लक्ष्मणरावांच्या दुकानात गेलो. नेहमीचीच बैठक. आज त्यांच्या टकलावर हळद थापलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"कावळ्यानं टोच मारली काल सकाळी," ते हसून म्हणाले. "लिंबावर घरटं हाय, पिल्लं हायेत त्यात. मी पत्र्यावर चढलो तं त्याले वाटलं, मी पिल्लं न्याले आलो."

त्यांना धर्मेंद्रच्या जहाजाबद्दल सांगावं असं ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. त्या घरात मुलाचं नाव निघत नसे. धर्मेंद्रनं दुकानात बसायला नकार दिला आणि दर्यावर जातो म्हणाला, त्या दिवशी लक्ष्मणराव भर पेठेत ओरडले होते, "जा. पण मी मेलो तरी येऊ नको. माह्या मयतीलेई नको." पोरानं नंतर दोनदा फोन केला, तर यांनी तारच कापून टाकली. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माझा तो जवळचा मित्र होता. देवकाबाई प्रफुलकडे येतात हे त्यांना माहीत असणार. विचारलं मात्र कधी नाही.

प्रफुल रात्रीच्या गाडीनं रिकाम्या हातानं परतला. रविवार म्हणून दुरुस्तीवाल्यानं मशीन ठेवून घेतलं होतं. देवकाबाई डेपोवर उभ्या होत्या. त्याचे रिकामे हात पाहून त्या तिथंच फलाटाच्या कडेला बसल्या आणि त्यांना घरी न्यायला मला हाताला धरावं लागलं.

३

मशीन मंगळवारी संध्याकाळी आलं. प्रफुलनं ते टेबलावर ठेवलं आणि संतापून मला बोलावलं.

"काकाजी, व्हायरस गिरस काई नव्हतं. तो दुरुस्तीवाला मले हासला. फाईल कोणी खाल्ली नाई. कोणीतरी हातानं उचलून दुसऱ्या फोल्डरमधी नेऊन ठेवली होती. त्यानं जागेवर आणून ठेवली का लगेच उघडलं."

म्हणजे घरातलाच, नाहीतर पायरी चढून आलेला कुणीतरी. प्रफुलनं गुन्हेगारही ठरवून टाकला होता. बंडूजी. हे कापसाचे दलाल. प्रफुल हल्ली इंटरनेटवरचे कापसाचे भाव दाराबाहेरच्या फळ्यावर लिहायचा, त्यामुळं बंडूजींच्या तोंडचे भाव कुणी ऐकेना. चारचौघांत ते म्हणाले होते की या डब्याला एकदा आग लागली पाहिजे. शनिवारी संध्याकाळी ते स्वतः मशीनवर बसलेही होते. हे कळेपर्यंत मशीनला कुणाला हात लावू देणार नाही, असं प्रफुलनं जाहीर केलं. ज्योत्स्ना त्याच्या विनवण्या करत होती, मावशीचा डबा तेवढा उघडून द्या म्हणून. त्यानं ऐकलं नाही.

मी बंडूजींना गाठलं. ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जणू मी त्यांच्याकडे तिकीट मागितलं होतं.

"सदाशिवराव, मले त्या डब्यातलं भाव पाहणं सोडून काई येत नाई," ते म्हणाले. "अन् बिघडवायचाच असता तं दगड नसता घातला? लपवून काऊन ठेवू?"

बोलणं उर्मट होतं, पण मुद्दा बिनतोड. शनिवारी शेवटी कोण होतं तेही त्यांनी सांगितलं. ते उठले तेव्हा ज्योत्स्ना आणि देवकाबाई मशीनपाशी बसल्या होत्या. देवकाबाई हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि ज्योत्स्ना नको नको म्हणत होती.

घरी येऊन मी ओट्यावर बसलो. चोराला वस्तू हवी असते. वैऱ्याला ती मोडायची असते. इथं वस्तू नेलीही नव्हती आणि मोडलीही नव्हती. जपून बाजूला ठेवली होती. असं तोच करतो ज्याला ती पुन्हा जागेवर ठेवायची आहे. ब्राउझर थोडा वेळ बंद राहावा, एवढीच कुणाची तरी गरज होती. किती वेळ?

आणि मग मला रविवारच्या सकाळचा तो शांत आवाज आठवला. संध्याकाळी पाहू. ज्या बाईचं पोर रात्री समुद्रात निघून जाणार, ती सकाळी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होती. मशीन गावाबाहेर निघालं तेव्हाच तिचा धीर सुटला. संध्याकाळी ते उघडणार हे तिला पक्कं माहीत होतं.

मी उठून चपला घातल्या. जिच्यासाठी आम्ही सगळे गुन्हेगार शोधत होतो, तिच्याच दाराशी हा माग जात होता.

४

आधी ज्योत्स्नाला भेटलो. ती दुकानाची पायरी झाडत होती. मी सरळच विचारलं, फाईल कशी हलवायची हे तुला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवलं का. तिनं झाडू खाली ठेवला.

"मी काई नाई सांगू शकत काकाजी. मावशीनं तिच्या कुंकवाची शपथ घातली हाय."

"देवकाबाईंच्या कुंकवाची?"

तिनं मान डोलावली आणि रडू लागली. मी तिला जास्त छळलं नाही. शपथ कशाची आहे एवढं कळलं, तेवढं मला पुरे होतं. बायका कुंकवाची शपथ घालतात ती नवऱ्याच्या जिवावर बेतलेलं असतं तेव्हा. लक्ष्मणरावांच्या जिवावर काय बेतलं होतं? माणूस धडधाकट होता. टकलावर हळद थापून हसत होता.

हळद. कावळा.

नोकरीतली एक गोष्ट मला आठवली. पुलगावकडून येणाऱ्या गाडीत कधी कधी नाचणगावच्या, नाहीतर आणखी कुठल्या गावच्या बाया धाय मोकलून रडत चढायच्या. कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मामा गेलेला. अशांना मी तिकीट विचारत नसे. आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत त्याच बाया हसत-खिदळत भेटायच्या, पाहुणचार झालेल्या, नव्या खणांच्या घड्या मांडीवर घेतलेल्या. पहिल्यांदा मी चक्रावलो होतो. मग एका जुन्या कंडक्टरनं समजावलं. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की ते मरणाचं बोलावणं समजतात. ते टाळायचं तर त्या माणसाच्या मृत्यूची खोटी बातमी नातलगांना धाडायची. नातलग रडले की मरणाचं देणं फिटतं आणि माणूस वाचतो. रडून झाल्याशिवाय मात्र खरं सांगायचं नाही.

पूर्वी हे पोस्टकार्डानं व्हायचं. नातलग दोन-चार कोसांवर असायचे. रडत यायचे, जिवंत माणूस समोर बघायचे, शिव्या घालून जेवायचे आणि परत जायचे.

मी लक्ष्मणरावांच्या घराची कडी वाजवली. दार देवकाबाईंनी उघडलं. लक्ष्मणराव दुकानात होते.

"वहिनी," मी म्हणालो, "रॉटरडॅमला काय कळवलं तुम्ही?"

५

त्या खाली बसल्या. पदराचा काठ चोळत बोलू लागल्या.

"यायच्या डोक्याले कावळा शिवला भाऊजी. मी ओसरीतून पाह्यलं. रगत आलं. माह्या बापाले बी असाच शिवलता, तवा कोणी खबर नाई धाडली, अन् तो वर्षात गेला."

कावळ्याला पिल्लं होती, बस. माझ्या मनात आलं, ओठावर आलं नाही.

"मग खबर धर्मेंद्रलाच का?" मी विचारलं. "दीर आहेत, नणंदा आहेत."

"त्याईले सगळं ठावं हाय. आता कोणी नाई रडत अशा खबरीनं. खबर ऐकून हासतात. खरं रडणारा पाह्यजे होता. त्याच्याशिवाय यायच्यासाठी खरं रडणारं कोण हाय?" त्यांचा आवाज फाटला. "अन् मले वाटलं, एकदा बापासाठी रडला का त्याच्या मनातलं बी धुवून निघन. उद्या संध्याकाळी कळवू का बाप जिता हाय, तं आनंदानं धावत येईन."

सगळं आता सरळ जुळत होतं. शनिवारी संध्याकाळी ज्योत्स्नानं नको नको म्हणत खबर टाईप केली. पण रविवारी सकाळी धर्मेंद्रचं उत्तर येणार, प्रफुल ते नेहमीप्रमाणे उघडणार आणि चिडून तिथल्या तिथं खरं कळवून टाकणार. मग रडणं अर्धवट, आणि अर्धवट रडणं देवकाबाईंच्या लेखी नवऱ्याचं मरण. म्हणून पोराचं दिवसभराचं रडणं पुरं होऊन रविवारचा सूर्य मावळेपर्यंत प्रफुलला डबा उघडता येऊ नये अशी व्यवस्था करायची होती. ज्योत्स्नानं तिला येत होती ती युक्ती केली. संध्याकाळी ती फाईल जागेवर ठेवणार होती, खरी बातमी जाणार होती, आणि जहाज त्यानंतर सुटणार होतं. हिशोबात कुठं चूक नव्हती. प्रफुल दुपारच्या गाडीनं मशीन घेऊन जाईल एवढं मात्र दोघींना सुचलं नव्हतं. जाताना तो विचारत होता तेव्हा सूर्य डोक्यावर होता, म्हणून देवकाबाईंना तोंड उघडता आलं नाही.

मी त्यांना घेऊन दुकानात आलो. प्रफुलला सगळं सांगितलं. त्यानं निळ्या चिन्हावर टिचकी मारली. ब्राउझर झटकन उघडला.

डब्यात धर्मेंद्रची पत्रं एकाखाली एक होती, सगळी रविवारची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली. प्रफुल वाचत गेला. पहिल्यात एकच ओळ, आई हे खरं हाय का. दुसऱ्यात, प्रफुलच्या दुकानाचा फोन आधी सारखा एंगेज होता, आता कोणी उचलत नाई. हे वाचताना प्रफुलनं फोनकडे पाहिलं, कारण सकाळभर तो त्यानंच अडकवून ठेवला होता. तिसऱ्यात, कोणीतरी उत्तर द्या, मी इथंच बसून हाय.

शेवटचं पत्र मोठं होतं.

"आई, कॅफे बंद होऊन राह्यला, उत्तर नाई आलं म्हणजे खरंच हाय. बाबांनी सांगितलं होतं मयतीलेई येऊ नको, म्हणून येत नाई. जहाजावरच्या एका दोस्तानं डोक्याचे केस काढून दिले. धक्क्याच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. कावळा कुठंच नव्हता. मी हात जोडून म्हटलं, बाबा, राग सोडा. तवा दर्यावरचा एक पांढरा पक्षी आला अन् पिंड घेऊन गेला. म्हणजे त्यायचा राग गेला असं मी धरलं. लई रडलो. आता हलकं वाटते. दिवाळीले येऊन त्यायच्या पाया पडणार होतो, तिकिटाचं बी पाह्यलं होतं. आता कोणासाठी येऊ. तू जपून राहजो."

देवकाबाईंना हवं होतं तसं पोरगं रडलं होतं, अगदी खरं. आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात मागे पडदा हलला. लक्ष्मणराव उभे होते. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक.

६

मला वाटलं आता ते बायकोवर हात उगारतील. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून प्रफुलच्या शेजारी बसले आणि पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे पाहत राहिले. त्यांना ती वाचता येत नव्हती.

"पक्ष्यानं नेला म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो काकाजी," प्रफुल म्हणाला.

"अन् त्याले वाटलं माहा राग गेला."

मग त्यांनी घसा साफ केला. "लिही," ते म्हणाले. "धर्मेंद्र, मी जिता हाय. कावळा शिवला म्हणून तुह्या मायनं खोटी खबर धाडली. तू घरी ये. दिवाळीची वाट नको पाहू. मी तुले घ्याले पुलगाव स्टेशनवर येतो."

इतक्या वर्षांत त्या तोंडून मी 'घरी ये' ऐकलं नव्हतं. देवकाबाईंनी पदर तोंडात कोंबला. खरं सांगतो, मलाही वाटलं की चला, एवढा अनर्थ झाला पण त्यातून हे एक चांगलं निघालं. पत्र गेलं. जहाज समुद्रात होतं, उत्तराला उशीर लागणार हे आम्ही धरूनच होतो. लक्ष्मणरावांनी मधल्या काळात घरचा फोन पुन्हा जोडून घेण्यासाठी अर्ज दिला. वरची खोली झाडून घेतली. रोज दुकान उघडण्याआधी ते प्रफुलकडे यायचे, काही न विचारता बाकावर बसायचे आणि प्रफुलनं नाही अशी मान हलवली की उठून जायचे.

उत्तर आलं तेव्हा मृग लागून गेला होता. त्या सकाळी लक्ष्मणराव अजून यायचे होते. प्रफुलनं ते एकट्यानं वाचलं आणि मला हाक मारली.

"कोण लिहून राह्यलं मले ठावं नाई," धर्मेंद्रनं लिहिलं होतं. "प्रफुल, तू असशील तं तुले हात जोडतो. आईले धीर यावा म्हणून लिहिलं असशील, मी समजू शकतो. पण माहा बाप मले चांगला ठावं हाय. तो जिता असता तं त्यानं मले 'घरी ये' म्हटलंच नसतं. स्टेशनवर घ्याले येतो, हे तं मेल्यावर बी म्हणणार नाई. तुह्या पत्रातली तेवढी एकच गोष्ट वाचली अन् राह्यलेली आशा बी गेली. तो गेलाच. त्याचं सगळं करून मोकळा झालो, आता मेल्या माणसाले उठवून मले पुन्हा नको रडवू. हे जहाज मी इथंच सोडून राह्यलो. हा डबा बी बंद करतो. आईले म्हणजो, वाट नको पाहू."

आम्ही त्या क्षणी उत्तर पाठवलं. प्रफुलनं फोनच्या अर्जासाठी काढलेला लक्ष्मणरावांचा ताजा फोटो स्कॅन करून जोडला. पत्र परत आलं. असा पत्ता आता नाही, असं मशीन म्हणालं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. मी जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या माणसानं शोधून सांगितलं की ते गृहस्थ करार संपवून परदेशातल्या बंदरात उतरले, दुसऱ्या कुठल्या जहाजावर गेले असतील तर आमच्याकडे नोंद नाही.

बिनतिकिटवाला हेरताना मी ज्या पद्धतीनं विचार करायचो, तसाच त्या पोरानं केला होता. माणूस ओळखायचा, तो काय बोलेल आणि काय बोलणार नाही ते ठरवायचं आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा. त्याच्या तर्कात मला एकही फट सापडली नाही. आणि निष्कर्ष साफ खोटा होता.

लक्ष्मणराव त्या दिवशी उशिरा आले, बाकावर बसले. या वेळी प्रफुलनं मान हलवली नाही. मीच त्यांच्याजवळ बसलो आणि प्रफुलला सांगितलं, वाच. त्यानं वाचलं. लक्ष्मणरावांनी पुन्हा वाचायला लावलं. 'घरी ये म्हटलंच नसतं' या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला. प्रफुल थांबला.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "मी नसतंच म्हटलं."

मग त्यांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि शटर उघडायला निघून गेले.